तुमचा डावा बूट बघा जरा (कपडे-चपलांच्या अंगवळणी पडलेल्या सवयी)

बर्डीचा_बाबू

गेल्या आठवड्यात नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मोच्याकडे बूट दिले. टाच गेली होती, हाफसोल मारायचा होता. त्यानं बूट हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले आणि विचारलं, "साहेब, गिअरची गाडी किती वर्षांपासून चालवून राहिले?"

मी उडालोच. गाडी लांब, झाडाखाली उभी होती. त्यानं डाव्या बुटाच्या पंजावर अंगठा टेकवला. तिथं रुपयाएवढा चट्टा. पॉलिश उडालेलं, चामडं खरबरीत, शिवणीचा दोराही थोडा फुललेला. उजवा बूट मात्र त्याच जागी गुळगुळीत. गिअर वर उचलायचा तर पंजाच्या वरच्या बाजूनंच उचलावा लागतो, आणि मानेवाडा ते सिव्हिल लाइन्स सिग्नल किती ते मोजा.

मग त्यानं टाचा दाखवल्या. डावीची टाच मागच्या कोपऱ्यात जास्त झिजलेली. "सिग्नलवर डावा पाय टेकवता, उजवा ब्रेकवर. अन् दोन्ही टाचा बाहेरून खाल्ल्या, म्हणजे चालताना पाय घासता." हे शेवटचं वाक्य माझी आई मी सात वर्षांचा असल्यापासून बोलत आली आहे. चाळीस रुपये देऊन पुन्हा ऐकलं.

घरी येऊन कपाट उघडलं. बिनलेसचे काळे बूट, आठ नंबर, एकाच दुकानातले, तिसरा की चौथा जोड. फिकट निळे शर्ट सात. बायको म्हणते ऑफिसातल्या लोकांना वाटत असेल तुमच्याकडे एकच शर्ट आहे. मी कधी ठरवलं होतं का हे? आठवत नाही.

तुमचं सांगा. आणि आधी डावा बूट बघून या.

संत्रावाली

बघून आले. नवऱ्याच्या बुटावर आहे चट्टा! मी दोन वर्षं पॉलिश करून करून वैतागले, मला वाटायचं हा कुठं तरी लाथा मारत फिरतो. माझी अ‍ॅक्टिव्हा, त्यामुळं माझे सँडल निष्कलंक.

तर्रीबाज

मी बारा महिने चप्पल. चप्पल घालून गिअर टाकला की चट्टा पायावर पडते. फोटो टाकत नाही, जेवायची वेळ आहे.

मुंबईहून_बदली

मी नागपूरला येऊन दीड वर्ष झालं. एप्रिलमध्ये रुजू झाले तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये पहिलं दृश्य काय, तर वीस-बावीस दरोडेखोर स्कूटरवरून उतरतायत. तोंडाला फडकं, डोळ्यांना काळा चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे, अंगात पांढरा सनकोट. एकीनं फडकं सोडलं तर ती आमच्या सेक्शनची मॅडम निघाली. मी मनात खूप हसले. मे महिन्यात हसू संपलं.

तर माझा प्रश्न असा की तो दुपट्टा नक्की बांधतात कसा? मी बांधते तो सक्करदऱ्यापर्यंत टिकतो, मग नाकावरून घसरतो.

संत्रावाली

@मुंबईहून_बदली, आधी सांग कापड कोणतं आहे. ड्रेसवरची जॉर्जेटची ओढणी असेल तर ती सोड. ती घाम पित नाही आणि घसरणारच. सुती पाहिजे, जरा जाडसर, चांगली अडीच मीटर लांब. दोनचारदा धुतलेली असली तर उत्तम, नवीन कापडाची कांजी जात नाही तोवर ते कानाशी टोचतं.

मधला भाग कपाळावर, भुवयांच्या अगदी वर. दोन्ही टोकं मागे नेऊन मानेवर काट मारायची, घट्ट. इथं सैल ठेवलंस तर पुढचं सगळं वाया. मग एक टोक पुढं आणून नाकाच्या हाडावरून दुसऱ्या कानामागं न्यायचं आणि खोचायचं. दुसरं टोक गळ्याभोवती फिरवून मागं गाठ. गाठ मानेच्या मधोमध नको, बाजूला, नाही तर हेल्मेट बसत नाही. चष्मा सर्वांत शेवटी, त्याची काडी कापडाच्या वरून. कापडाखाली काडी घातली की काचेवर वाफ धरते.

मी हे सगळं लाल सिग्नलवर करू शकते. आरसा लागत नाही. आणि आता गंमत अशी की पावसाळ्यात, थंडीत, कधीही उघड्या तोंडानं गाडीवर बसले की काही तरी राहिलंय असं वाटतं. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटायला जातानासुद्धा बांधला होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सूर्य गेला नं."

उन्हाळपक्षी

बाहेरच्यांना हे नाटक वाटतं. २०१३ मध्ये २३ मेला इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते. त्या दिवशी मी खामल्याहून सदरला गेलो होतो, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून. गाडीचं हँडल धरवत नव्हतं. वारा म्हणजे कोणी भट्टीचं दार उघडून ठेवलंय. अशा हवेत उघडं अंग जास्त तापतं, झाकलेलं कमी. वाळवंटातली माणसं उघडी फिरत नाहीत, त्यातलंच हे.

बाकी माझी सवय म्हणजे डोक्याला दुपट्टा पांढराच. बायकोनं एकदा निळ्या चौकटीचा आणला, तो मी गाडी पुसायला घेतला. (तिला अजून माहीत नाही. ती हा धागा वाचत नसावी अशी आशा.)

तर्रीबाज

अन् कांदा? खिशातला कांदा विसरले का सगळे?

सुईदोरा_डॉक्टर

कांद्यावर मला बोलायचंच होतं. खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागायचं थांबत नाही. पाणी, मीठ-साखर, डोकं झाकणं आणि दुपारी बारा ते चार घरात बसणं, यांनी थांबतं. माझ्याकडं उन्हाच्या तडाख्यानं आलेल्या पेशंटच्या खिशात कांदा सापडलेला आहे.

एवढं सांगून झाल्यावर कबूल करतो की आई मे महिन्यात आमच्याकडं असली की माझ्या शर्टाच्या खिशातही कांदा असतो. स्टेथोस्कोप गळ्यात, कांदा खिशात. छोटा घेतो, फुगवटा दिसू नये म्हणून.

महालची_माय

बाबूसाहेब, तुमच्या सात निळ्या शर्टांवरून आमचे बाबा आठवले. आठवले म्हणजे आहेत अजून, समोर बसून पेपर वाचताहेत.

बाबांचं कापड गांधीबागेतून यायचं आणि महालात एकाच टेलरकडं जायचं. फिकट रंग, अर्ध्या बाह्या, डावीकडं एकच खिसा, त्या खिशात आडवी शिवण टाकून पेनाची वेगळी फट. पँटला पुढं दोन प्लेट. टेलरकाकांकडं लाल कापडी पुठ्ठ्याची मापाची वही होती. बाबा दर दिवाळीआधी कापड देत आणि म्हणत, "माप तेच, १९९८चं." नवीन माप घेऊ द्यायचे नाहीत. कंबर ३४. ही ३४ कंबर आम्ही लग्नामुंजीत, पाहुण्यांसमोर, डॉक्टरसमोरही ऐकली आहे. "१९९८पासून कंबर हलली नाही."

दोन वर्षांपूर्वी टेलरकाकांनी दुकान बंद केलं. मुलगा पुण्याला असतो, तिकडं गेले. जाताना मला बोलावून बाबांचं पान वहीतून फाडून दिलं, नवीन टेलरला दाखवायला. पानावर वर मोठ्या अक्षरात बाबांचं नाव, खाली छाती, खांदा, उंची. कंबर ३४. आणि त्या ३४च्या पुढं पेन्सिलीचे बारीक ठिपके. एक, दोन, तीन... सात. मी विचारलं हे काय. काका चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "एक ठिपका अर्धा इंच."

म्हणजे हा माणूस इतकी वर्षं बाबांकडं नुसतं बघून अंदाजानं पँट सैल करत होता आणि वहीत आकडा ३४च ठेवत होता. आम्हाला कोणालाच पत्ता नाही.

मी बाबांना सांगितलेलं नाही. नवीन टेलरनं टेप लावला, ३८ भरली. बाबा घरी येऊन म्हणाले, आजकालच्या पोरांना माप घेता येत नाही.

निवृत्त_खर्डेघाशी

महालची_माय, मी आत्ता उठून माझी पँट बघितली.

गोकुळपेठी

@महालची_माय हे वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि मग ऑफिसात मोठ्यानं हसलो. बॉसनं विचारलं काय झालं, तर सांगताही येईना, कारण बॉसही बेल्ट पोटाखाली बांधतो.

पायताणवाला

मी अठरा वर्षं चपलांच्या दुकानात उभा आहे. (दुकान कोणतं ते सांगत नाही, मालक वाचतात.) कमरेचं जे, तेच पायाचं. गिऱ्हाईक आत येतं अन् पहिलं वाक्य, "आठ नंबर दाखवा." मी म्हणतो पाय मोजू द्या. "नाही, मी आठच घालतो." कॉलेजात आठ होता, आता पन्नाशीत आहेत. वयानं पाय पसरतो, कमान बसते, लांबीही थोडी वाढते. मोजला की निघतो नऊ. मग म्हणतात, तुमची पट्टी चुकीची आहे.

आपल्याकडचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. एका नंबरात फरक इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यात करंगळीचं नशीब ठरतं. तिसऱ्या दिवशी चावतो म्हणून परत येतात.

अजून एक. बूट सकाळी घेऊ नका. दिवसभर चालून, उभं राहून पाय संध्याकाळपर्यंत फुगतो, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. संध्याकाळी जो बसतो तो खरा. अन् दोन्ही पाय घालून बघा. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, नंबर मोठ्या पायाचा घ्यायचा. लोक उजवा घालतात, दोन पावलं टाकतात, "पॅक करा." डावा बिचारा घरी जाऊन रडते.

बाबूसाहेबांच्या चट्ट्यावर उपाय आहे. गिअरच्या दांड्यावर रबराची टोपी बसते, गाडीच्या स्पेअरच्या दुकानात मिळते. कोणी बसवत नाही ती गोष्ट वेगळी.

खामल्याची_सून

ठेवणीतल्या बुटांबद्दल कोणी तरी बोला. माझ्या नवऱ्याचे "लग्नाचे बूट" पाच वर्षं खोक्यात, टिश्यूपेपरात गुंडाळून. तीनदाच घातलेले. गेल्या मेमध्ये भावाच्या लग्नात काढले. वरातीत दहा मिनिटं नाचला असेल, मागं बघते तर रस्त्यावर काळे तुकडे पडत चाललेले. मला वाटलं फटाक्याचे कागद. पूर्ण सोल भुगा! मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मागं वळून भावजींच्या पायाकडं बघतोय. शेवटी कॅटरिंगवाल्या पोराचे सँडल घालून ह्यांनी जेवणाची पंगत वाढली.

बूट महागाचे होते. दुकानात गेलो तर म्हणाले वॉरंटी संपली.

पायताणवाला

@खामल्याची_सून, ताई, हे फार होते. सोल पीयूचा (पॉलियुरेथेनचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचा) असेल. तो हवेतल्या ओलाव्यानं आतून सुटत जातो, वापरा की नका वापरू. उलट पायात असला तर बरा राहतो, खोक्यात बंद ठेवला की लवकर जातो. दिसायला नवाकोरा, अन् वजन पडलं की बिस्किटासारखा. ठेवणीतले बूट महिन्यातून एकदा तरी घालून अंगणात फिरा. नाही तर शिवलेला चामड्याचा सोल घ्या. तो झिजतो, पण सांगून झिजतो.

तर्रीबाज

"सांगून झिजतो" 🙏

कामठी_रोड

माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये विव्हिंगला होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली १ जानेवारीला सुरू केलेली मिल, राणी व्हिक्टोरियाला त्याच दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून हे नाव. आता तिथं मॉल आहे. त्याच मॉलमध्ये माझ्या मुलीनं मला शर्ट घेऊन दिला, लेबलवर मोठ्ठं "कॉटन".

मी काय केलं सांगू? पार्किंगमध्ये येऊन शर्टाच्या आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. मुलगी लाजेनं गाडीत जाऊन बसली. पण वडील घरात कोणतंही कापड आलं की हेच करायचे. सूत असलं तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरगळली की मऊ राख होते. पॉलिएस्टर जळत नाही, वितळतं, टोकाला काळा टणक मणी धरतो. दोन्ही मिसळलेलं असलं तर राखेत खडा लागतो. माझ्या धाग्याला खडा लागला.

शर्ट घालतो मी. मुलीनं दिलाय. पण जूनच्या आधी नाही.

मुंबईहून_बदली

हे मी आज घरी करून बघितलं. माझ्या "शुद्ध सुती" दुपट्ट्याला मणी धरला. @संत्रावाली, घसरतो का ते कळलं.

संत्रावाली

😄 इतवारीत ये शनिवारी, मी घेऊन देते.

रेशीमबागेमागे

आमच्या शेजारचे काका, वय ब्याऐंशी. संघाच्या गणवेशातली खाकी हाफपँट त्यांनी साठेक वर्षं घातली. शर्टही सुरुवातीला खाकीच होता, १९४०मध्ये पांढरा झाला, हे त्यांच्याकडूनच कळलं. मग २०१६मध्ये निर्णय झाला, तोही नागपुरात नाही, राजस्थानातल्या नागौरला. आणि विजयादशमीपासून तपकिरी फुलपँट.

काकांनी पहिल्या दिवशी फुलपँट घातली आणि संध्याकाळी ओट्यावर बसून तक्रार, "गुडघ्याला वाराच लागत नाही." चालताना पँट वर ओढायचे, जणू पाण्यातून चालताहेत. घरात मात्र जुनी हाफपँट सुरूच राहिली, बागेला पाणी घालताना.

संपादक मंडळ

पँटच्या लांबीपुरतंच बोलूया. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे.

रेशीमबागेमागे

लांबीपुरतंच पुढचं सांगतो. २०१८च्या डिसेंबरात, २९ तारखेला, इथं पारा ३.५ वर आला होता. त्या पहाटे काका फुलपँटच्या आत अजून एक पायजमा घालून फिरायला निघाले. मी विचारलं, काका, वारा लागतो का? म्हणाले, "निर्णय बरा होता."

पवनीकर

मी पांढऱ्या शर्टाचा माणूस. ऑफिसात ओळखच ती.

हे आजीकडून आलं. १९५६च्या १४ ऑक्टोबरला ती दीक्षाभूमीवर होती, सोळा वर्षांची. पांढरे कपडे घालून जायचं ठरलेलं, आणि घरात पांढरं लुगडं एकही नाही. सगळी रंगीत, जाड काठांची. पणजीनं तिच्या एका फिक्या लुगड्याचे काठ रात्री कंदिलाशी बसून उसवले, राखेच्या पाण्यात उकळून धुतलं, आणि सकाळी अर्धवट ओलंच नेसून ती निघाली. आजी सांगायची, वाटेत अंगावरच वाळलं. काठ उसवले तिथं सुईच्या भोकांची रांग राहिली होती, ती तिनं आम्हाला दाखवली आहे. लुगडं अजून ट्रंकेत आहे.

पुढं तिच्याकडं पैसे आले तरी दर ऑक्टोबरला एक पांढरी साडीच. शेवटी शेवटी बारीक निळी किनार चालवून घ्यायची. ती गेल्यावर पहिल्या वर्षी सप्टेंबरात मी नकळत दुकानात गेलो आणि पांढरा शर्ट घेऊन आलो. तेव्हापासून दर सप्टेंबरात. कपाटात आता एवढे झालेत की बायको त्यांना "पलटण" म्हणते. वरण सांडतं, पेन गळतं, डाग पडतात. रंगीत घ्या म्हणतात सगळे. घेतो, पण घालत नाही.

महालची_माय

@पवनीकर, सुईच्या भोकांची रांग... ते लुगडं जपा. घडी वर्षातून एकदा बदलत जा, एकाच रेषेवर कापड फाटतं. आणि डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नका.

पवनीकर

घडीचं माहीत नव्हतं. आजच करतो.

सुईदोरा_डॉक्टर

अवांतर: डिसेंबरात अधिवेशनाला येणारी मुंबईची मंडळी. सकाळी जॅकेट, दुपारी तेच जॅकेट हातावर, संध्याकाळी तिबेटी स्वेटरवाल्यांकडं घासाघीस. दरवर्षी तेच.

खामल्याची_सून

आणि गाऊनवर ओढणी घेऊन भाजीच्या गाडीवर जाणं? यावर कोणीच का बोलत नाही? आमच्या लेआउटमध्ये सकाळी साडेआठचा तो गणवेशच आहे.

संत्रावाली

बोलत नाही कारण आत्ता तोच घालून टाइप करून राहिले.

बर्डीचा_बाबू

धागा एवढा चालेल असं वाटलं नव्हतं. पायताणवाले, तुमच्या सांगण्यावरून संध्याकाळी पाय मोजला. साडेआठ. म्हणजे मी चुकीचा, पण अर्धाच. शर्ट मात्र तेच राहतील, बायकोला कळवलंय.

मोच्याकडून बूट आणले. चट्ट्यावर त्यानं आतून पातळ चामडं चिकटवून वरून रंग दिलाय, जवळून बघितलं तरच कळतं. पैसे देताना म्हणाला, आता बिनगिअरची घ्या साहेब, बूट वाचतील.

आज गाडी सर्व्हिसिंगला दिली म्हणून मुलीची अ‍ॅक्टिव्हा घेऊन निघालो, तीही मागं. रहाटे कॉलनीच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि माझा डावा पाय खाली गिअर शोधायला लागला. दोनदा फुटबोर्डवर आपटला. मागचे हॉर्न वाजवून राहिले, आणि मुलगी खांद्यावरून वाकून विचारते, "बाबा, खाली काय पडलं?"